कमलबाईंची नोटीस मागे घेऊन ती अर्जदाराच्या जिभेवर बजावणेबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती (शिक्षण विभाग),
जिल्हा धुळे.

अर्जदार : अभिमन वना देवरे, वय ६८, धंदा – एस.टी.चे निवृत्त वाहक, सदस्य – शाळा व्यवस्थापन समिती, मौजे खडकपाडे, जि. धुळे.

विषय : शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकी श्रीमती कमलबाई सैंदाणे यांस दिलेली कारणे दाखवा नोटीस रद्द होणेबाबत, व खरा कसूरवार हजर करणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस दि. २८ जानेवारी २०२५. २) शाळेची चव नोंदवही, सन २०२४-२५. ३) सुनावणी, दि. १७ फेब्रुवारी, सकाळी अकरा.

महोदय,

१. खाली सही करणारा अर्जदार सविनय कळवितो की, बुधवार दि. २२ जानेवारी रोजी आमच्या शाळेत मटकीची उसळ व भात खाल्ल्यावर अकरा मुलांच्या पोटात जळजळ सुरू झाली. त्यांस प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यात आले, व संध्याकाळपर्यंत सर्व मुले ठणठणीत होऊन घरी आली. त्यावरून कमलबाईंच्या नावे 'मुलांच्या आरोग्याबाबत हलगर्जी केली, सबब आपणास कामावरून कमी का करू नये' अशी नोटीस निघाली. कमलबाई चौदा वर्षांपासून या शाळेत रांधतात. गावातले निम्मे तरुण त्यांच्या हातचा भात खाऊन मिशीला आले. त्यांचे काम जाऊ नये एवढ्यासाठी हा अर्ज आहे. पुढे जे काही लिहिले आहे ते अर्जदाराच्या अब्रूच्या विरोधात जाते, याची अर्जदारास कल्पना आहे.

२. नियम असा आहे की, मुलांच्या ताटात वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने अन्न चाखावे व चव नोंदवहीत शेरा लिहून सही करावी. गेल्या वर्षापर्यंत हे काम आमच्याकडे सोप्या पद्धतीने होत असे. महिन्याच्या एक तारखेला तीसही रकान्यांत 'उत्तम' लिहून सह्या होत. त्यात रविवारही 'उत्तम' निघत. जूनमध्ये समितीच्या बैठकीत अर्जदाराने यावर हरकत घेतली. तिकीट आधी व प्रवास नंतर हे एस.टी.त ठीक आहे, पण सही आधी व उसळ नंतर हे चालणार नाही, असे त्याने ठणकावून सांगितले. मुख्याध्यापक बन्सीलाल सर शांत माणूस. ते म्हणाले, "मग आबा, तुम्हीच चाखा." बैठक संपली. एकतीस वर्षे घंटी मारलेल्या माणसाला कोणीतरी पुन्हा अधिकार दिला होता. अर्जदार त्या दिवशी घरी चालत न जाता मिरवत गेला, असे त्याची सून सांगते.

३. अर्जदाराने काम इमानाने केले. रोज पावणेबाराला तो स्वतःची वाटी घेऊन हजर असे. पहिला शेरा दि. १८ जूनचा आहे : 'शिजली चांगली. तिखट नाही.' दुसऱ्या दिवशी : 'कालपेक्षा बरी. तरी तिखट कमी.' जुलैत एक शेरा आहे : 'ही आमटी आहे की आजाऱ्याचे पथ्य, खुलासा व्हावा.' पोळ्यापासून शेरे 'उत्तम, पण तिखट आणखी चालेल' असे होत गेले. हे शेरे बन्सीलाल सर कमलबाईंना वाचून दाखवीत, व कमलबाई, शासकीय आदेश समजून, मिरची वाढवीत. शहाऐंशी मुलांच्या भांड्याला जूनमध्ये लाल तिखट चार चमचे होते. जुलैअखेर सहा झाले, पोळ्याला आठ, दिवाळीच्या सुटीनंतर अकरा व संक्रांतीला तेरा. हे आकडे कमलबाईंनी आपल्या हाताने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने मांडून ठेवले आहेत. ती भिंत अर्जासोबत जोडता येत नाही.

४. कमलबाई मुकाट राहिल्या असे आपणास कोणी सांगितले असल्यास ते खोटे आहे. पोळ्याच्या सुमारास त्या पळी हातात धरून म्हणाल्या, "आबा, हाई पोरेसनं खाणं शे, तुमना ढाबा नही." दिवाळीनंतर सगळे भांडे लाल दिसू लागले तेव्हा म्हणाल्या, "बठ्ठं लाल व्हई गयं, आते काय पोतंच ओतू?" यावर अर्जदाराने जे उत्तर दिले ते लिहिताना पेन अडते. पण लिहिणे भाग आहे. तो म्हणाला, "कमल, सही मनी शे, तुनी नही." सही त्याची होती, हे खरेच.  त्यानंतर त्या बाईने सांगितले तेवढे चमचे टाकले. आता नोटीस आली ती मात्र तिच्या नावाने.

५. आपण विचाराल की मुले का बोलली नाहीत. साहेब, आपण जाणता. आमच्याकडे तिखट लागले असे पोराने कबूल करणे म्हणजे कुस्तीत आपणहून पाठ टेकणे. ज्याच्या डोळ्यांत पाणी येईल त्याला बाकीचे 'पुण्याचा पाव्हना' म्हणतात, आणि तो शिक्का चौथीपर्यंत निघत नाही. तेव्हा मुले खाली मान घालून भराभर जेवत आणि उठून पाण्याच्या टाकीकडे पळत.

अर्जदारास डोकी मोजण्याची जुनी खोड आहे. लग्नात, मयतात, कुठेही तो मनात मोजतोच. मधल्या सुटीत टाकीवरच्या फेऱ्याही तो मोजून वहीत लिहीत असे. जूनमध्ये सत्तर-पंच्याहत्तर, पोळ्याला एकशे तीस, दिवाळीनंतर एकशे नव्वद. आकडे बरोबर होते. अर्थ चुकला. मुलांना पाणी पिण्याची चांगली सवय लागत आहे असा निष्कर्ष काढून त्याने तो समितीत वाचून दाखवला. समितीने टाळ्या वाजवल्या. डिसेंबरात एका सेवाभावी संस्थेचे पाहुणे आले आणि त्यांनी शाळेस 'पाणीप्रेमी शाळा' असे प्रशस्तिपत्र दिले. ते चौकटीत बसवून कार्यालयात लावले आहे. सत्कारात अर्जदारास नारळ मिळाला, तो त्याने स्वीकारला. बुधवार दि. २२ रोजी दोनशे त्रेसष्ट फेऱ्या झाल्या, व टाकीच संपल्यामुळे मोजणी थांबली.

६. त्या दिवशी अकरा मुलांत अर्जदाराची नात रोशनी, इयत्ता दुसरी, हीही होती. आरोग्य केंद्रात डॉक्टरबाई प्रत्येक मुलाला काय काय खाल्लेस ते विचारत होत्या. अर्जदाराने आधी सर्व दोष दुकानातल्या पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांवर टाकला. पुरावा म्हणून शाळेच्या आवारातून गोळा केलेली त्रेचाळीस रिकामी पाकिटे पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. बाई म्हणाल्या, "आबा, पाकिटं वाईट आहेतच, ती बंद करा. पण ही जळजळ मिरचीची आहे. सहा-सात वर्षांच्या पोटाला रोज इतकं तिखट सोसत नाही." मग त्यांनी रोशनीला विचारले, तू घरी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "आबांनी उत्तम लिहिलं होतं."

यानंतर अर्जदाराने टेबलावरची त्रेचाळीस पाकिटे उचलून पिशवीत परत भरली.

७. घरी चौकशी केली असता आणखी एक बाब उघड झाली. ऑक्टोबरपासून घरातल्या गुळाच्या डब्यात घट येत होती. अर्जदाराने ती उंदरांच्या नावे मांडून दोन सापळे आणले होते, त्यांत आजवर एकही उंदीर पडला नाही. गूळ रोशनी नेत होती. कंपासपेटीत पट्टीखाली खडा लपवून ती तो भातासोबत खात असे, आणि शेजारच्या दोघींनाही चिमूट चिमूट देत असे. कंपासपेटीला मुंग्या लागत, त्यावरून वर्गात तिला दोनदा छड्या बसल्या. एवढे सोसून पोर गप्प होती, कारण आजोबांच्या सहीपुढे कसे बोलायचे.

८. सून दिपमाला हिने तेव्हा अर्जदाराची परीक्षा घ्यायचे ठरवले, व न सांगता ती घेतली. पाच दिवस सकाळी त्याला बिनसाखरेचा चहा दिला. पाचही दिवस त्याने 'झकास' म्हणून कप परत केला. सहाव्या दिवशी चहात मीठ घातले. त्या दिवशी त्याने 'आज जरा वेगळा आहे, पण चांगला आहे' असा शेरा दिला. एकतीस वर्षे स्टँडवरची शेवभाजी, तळहातावरचा तंबाखू व पहाटेचा मिरचीचा ठेचा यांवर जी जीभ पोसली, ती आता फक्त बोलण्याच्या कामाची उरली आहे. तसा वैद्यकीय दाखला मिळावा म्हणून अर्जदार आरोग्य केंद्रात पुन्हा गेला होता. जिभेसाठी वेगळा नमुना नाही, असे सांगून त्यास परत पाठवण्यात आले. सबब सुनेचाच दाखला जोडला आहे.

एक गोष्ट विषयास सोडून आहे, तरी नोंदवितो. अर्जदाराचा थोरला नातू विक्रम, वय वीस, धुळ्यास इंजिनिअरिंगला आहे. तो पाच वर्षांचा असताना अर्जदार त्याला भाकरीवर ठेचा देऊन म्हणे, "खा, मरद शे ना?" पोरगा रडत रडत खाई आणि घरातले सगळे कौतुकाने हसत. आज तो रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतो, मेसच्या भाजीला हात लावत नाही आणि दहीभात मिळाला की सण झाल्यासारखा जेवतो. मध्यंतरी कोणीतरी सांगितले म्हणून त्याने दूधही सोडले, आणि आता डब्यातली कसलीशी पावडर पाण्यात ढवळून पितो. त्याला डॉक्टरने विचारले, लहानपणी तिखट फार खायचास का? त्याने अर्जदाराचे नाव सांगितले नाही. पोरगा समजूतदार आहे. चव नोंदवही जूनमध्ये सुरू झाली असे आपण समजत असाल, पण अर्जदाराचे काम फार जुने आहे.

९. आता शेवटचे. मंगळवार दि. २१ जानेवारी रोजी आपण स्वतः शाळेस भेट दिलीत. आपण मुलांच्या पंगतीत बसलात, कमलबाईंच्या हातचे वरण दोनदा मागून घेतलेत, व नोंदवहीत आपल्या सुवाच्य अक्षरात शेरा लिहिलात : 'स्वच्छता समाधानकारक. चव उत्तम. मात्र तिखट थोडे कमी वाटले.' खाली सही, शिक्का व तारीख. आपले मूळ गाव खान्देशातलेच सावदा असल्याचे बन्सीलाल सरांकडून समजले. म्हणजे आपलीही जीभ घरचीच. तो शेरा सरांनी कमलबाईंना दोनदा वाचून दाखवला. अर्जदाराच्या सांगण्यावरून त्या एकेक, दोनदोन चमचे वाढवीत. साहेबांचा शेरा म्हटल्यावर त्यांनी एकदम तीन वाढवले. तेराचे सोळा झाले. ते बुधवारी झाले.

यात आपणास दोष देण्याचा अर्जदाराचा हेतू मुळीच नाही. त्याच दिवशी त्याच वरणाखाली अर्जदाराचाही शेरा आहे, व तो म्हणतो : 'साहेबांशी सहमत.' एवढेच म्हणणे आहे की, दोन थोराड जिभांची शिक्षा एका बाईच्या हाताला होऊ नये.

१०. सबब विनंती की,

(अ) कमलबाईंची नोटीस सुनावणीपूर्वीच मागे घेण्यात यावी, व त्यांस तसे लेखी द्यावे. त्या वाचणार नाहीत, पण जपून ठेवतील.

(आ) अर्जदाराचा चव घेण्याचा अधिकार तहहयात रद्द करावा. 'पाणीप्रेमी' प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवण्याची परवानगी द्यावी. नारळ परत करता येणार नाही, त्याची चटणी झाली. तीही तिखट होती, असे आता कळते.

(इ) मोठ्या माणसाने चाखावे हा नियम विषबाधा टाळण्यासाठी आहे, तो तसाच राहावा. ते काम आता सर करतात. मात्र तिखट-मिठाचा शेरा दुसरीतल्या मुलाचा असावा. समितीच्या तोंडी संमतीने गेला आठवडाभर हा प्रयोग रोशनीवर चालू आहे. ती चाखते आणि कमलबाई तिच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहतात. तिखट सध्या तीन चमचे आहे. टाकीवरच्या फेऱ्या चौसष्टवर आल्या आहेत. शनिवारी रोशनीने शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले : 'बरी. गूळ लागला नाही.' तीस वर्षांत एवढा नेमका शेरा अर्जदाराने कुठल्या वहीत पाहिलेला नाही.

सुनावणीच्या दिवशी अर्जदार कमलबाईंसोबत हजर राहील. त्या डब्यात उसळ आणणार आहेत. ती आपण अवश्य घ्यावी, पण शेरा देऊ नये.

कळावे,
आपला नम्र व चवीपुरता अपात्र,

(सही)
अभिमन वना देवरे
मौजे खडकपाडे, दि. १० फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) चव नोंदवहीतील अर्जदाराच्या शेऱ्यांच्या छायाप्रती, पाने चाळीस.
२) पाण्याच्या टाकीवरील फेऱ्यांचा तक्ता, जून ते फेब्रुवारी.
३) सून दिपमाला हिचा चहाबाबत दाखला.
४) रोशनीचा दि. ८ फेब्रुवारीचा शेरा, छायाप्रत.
५) दि. २१ जानेवारीचे पान. हे जोडलेले नाही. मूळ पान शाळेच्या कपाटात सुरक्षित आहे व किल्ली सरांकडे आहे. गरज पडल्यास सुनावणीत मोठ्याने वाचून दाखवण्यात येईल. गरज पडणार नाही, अशी अर्जदारास खात्री आहे.