मुख्य चालक कोण?

प्रिय भिंगरी,

फोन आपटून तुला आठवडा झाला. हल्ली फोन आपटता येत नाहीत, नुसतं बोट लावून बंद करावे लागतात, पण तू ते बोट कसं लावलं असशील ते मला इथे बसल्या बसल्या कळलं. तेव्हापासून तू रोज बाबांशी बोलतेस, माझी चौकशी करतेस आणि आईला दे म्हणत नाहीस. बाबा आपले निरोप्या झालेत, आणि त्यांना ते काम फारच मानवलंय, कारण दोन्ही बाजूंनी त्यांचे लाड चाललेत. म्हणून हे पत्र. पत्र मधेच बंद करता येत नाही, आणि तू ते नाक फुगवून का होईना, शेवटपर्यंत वाचशील हे मला ठाऊक आहे.

तुझी अडचण मला त्याच दिवशी समजली होती. जनावरांच्या दवाखान्यातली सकाळची पाळी तुला कायमची द्यायची की नाही, हे तुमच्या डॉक्टरीणबाई महिनाअखेर ठरवणार. एवढ्या पहाटे तिकडे बस जात नाही. म्हणून तू साठवलेले पैसे मोडून जुनी, छोटी मोटरसायकल घेतलीस, आणि आता ती घरमालकिणीच्या अंगणात नुसती उभी आहे, कारण वर्षाच्या विम्याचा आकडा ऐकून तुझे डोळे पांढरे झाले. गाडीच्या किमतीपेक्षा विमा जास्त. मग कामावरच्या कुणा हुशार माणसाने तुला कानमंत्र दिला की गाडी आईच्या नावावर दाखव, मुख्य चालक आई, तू आपली कधीमधी चालवणारी, हप्ता निम्म्याच्याही खाली येईल. मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण मी खरेपणावर लांबलचक प्रवचन झोडलं. तुझी तत्त्वं तुलाच लखलाभ, असं म्हणून तू बोट लावलंस.

परवा मी आपल्या विम्याच्या एजंटबाईंकडे जाऊन आले. किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारची ती चिंचोळी खोली तुला आठवत असेल. अजूनही एकच खुर्ची आहे, दुसरा माणूस आला की पहिल्याने उठायचं. तुझा विषय काढला तेव्हा त्या हसल्याच. म्हणाल्या, कंपनीला तुमची लेक वाईट वाटते असं नाही, कंपनी तिला ओळखतच नाही. एकोणीस वर्षांची, लायसन्स कोवळं, गाडी उघड्यावर उभी, जाणं पहाटेच्या अंधारात. या वयाची मुलं पहिल्या वर्षात जेवढी धडपडतात त्याचा खर्च सगळ्यांवर वाटलेला असतो, आणि जी धडपडत नाही तीसुद्धा तो भरते. मला हे ऐकून राग आला. तू दहा वर्षांची असल्यापासून रस्ता ओलांडताना मला हाताला धरून थांबवत आलीस. पण त्यासाठी कंपनीकडे रकाना नाही.

तुझ्या त्या कानमंत्राबद्दलही विचारलं. त्यांच्याकडच्या एका वडिलांनी तेच केलं होतं. मुलगा रोज गाडीवर कॉलेजला जायचा आणि वडील घरून नोकरी करायचे. मुलाने एका सायकलवाल्याला धडक दिली. कंपनीचा माणूस चौकशीला आला आणि त्याने गल्लीत सहज विचारलं की ही गाडी कोण चालवतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की मुलगाच चालवतो, फार गुणी आहे, वडिलांना तर स्टँडसुद्धा लावता येत नाही. झालं. विमा रद्द, आणि त्या सायकलवाल्याच्या मोडलेल्या पायाचा सगळा खर्च बापाच्या बोकांडी बसला. एजंटबाई हे सांगताना हसत नव्हत्या.

आता तुला वाटत असेल की या आईचं बरंय, वय झालं की सगळं स्वस्तात मिळतं. तर ऐक. तू तिकडे राहायला गेलीस आणि मी माझी मोटरसायकल घेतली, तेव्हा मी त्याच खुर्चीत छाती पुढे काढून बसले होते. तू व्हायच्या आधी मी लॅबची मोटरसायकल चालवायचे हे तुला ऐकून ऐकून पाठ झालंय. दवाखान्यादवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, मागच्या पेटीत बर्फात ठेवायच्या आणि बर्फ वितळायच्या आत लॅबला पोचवायच्या. पावसाळा म्हणू नकोस, उन्हाळा म्हणू नकोस. माझ्या हातून एक नळी फुटली नाही. हे सगळं मी एजंटबाईंना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, गेल्या दोन-तीन वर्षांतलं काय? मी म्हटलं, मधल्या काळात मी मुलगी वाढवली आणि लॅबच्या काउंटरवर बसून लोकांच्या नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही. कंपनीच्या भाषेत मी परत आलेली चालक, म्हणजे जवळपास नवखीच. सलग गाडी चालवणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला जेवढा हप्ता, त्याच्या दीडपट मला. मला तेव्हा असा झणझणीत अपमान वाटला की मी घरी येऊन बाबांशी भांडले, आणि त्यांचा काही संबंध नव्हता.

हप्त्यात सूट मिळते म्हणून मी गाडी चालवण्याचा वर्ग लावला, ते बाबांनी तुला मीठमसाला लावून सांगितलंच असेल. मोकळं मैदान, नारिंगी शंकू, आणि तुझ्या वयाची पोरं. मला पाहून त्यांना वाटलं मी कुणालातरी सोडायला आले. हेल्मेट घालून रांगेत उभी राहिले तेव्हा मला इतका आनंद झाला गं, की तो कुणाला सांगायचीही लाज वाटली. क्लच हाताला लगेच ओळखीचा लागला. पहिल्या दिवशी मी त्या पोरांना दाखवून दिलं. फक्त शंकूंमधून नागमोडी जाताना डावीकडचे शंकू पडायचे. उजवीकडचा एकही नाही, डावीकडचे मात्र आडवे. शिकवणारा मुलगा म्हणाला, सवय मोडलीय, मान वळवून बघत जा. मी आरशाला दोष दिला, मग हेल्मेटला. हेल्मेट बदलून पाहिलं. पोरं लांबूनच ओरडायची, मावशी, डावीकडे!

ते असो. तुझ्या आकड्याचं काय करता येईल तेही मी विचारून ठेवलंय, आणि ते सगळं सरळमार्गी आहे. घरमालकिणीची मागची खोली रिकामी आहे ना? गाडी तिथे कुलपात ठेव आणि तसं कंपनीला कळव. तूही वर्ग लाव, तुझी सूट माझ्यापेक्षा मोठी आहे. किरकोळ मोडतोडीचा खर्च स्वतः करीन असं कंपनीला लिहून दे, त्यानेही आकडा उतरतो, पण झेपेल तेवढाच, तिथे मोठेपणा नको. महिन्याचे हप्ते पाडून घेऊ नकोस, त्यात ते वर आणखी लावतात. आणि पहिलं वर्ष निर्धोक गेलं की पुढच्या वर्षी आकडा बराच खाली येतो. ते वर्ष तुझ्या नावावर पडलं पाहिजे. माझ्या नावावर पडलं असतं तर पुढच्या वर्षी तू पुन्हा नवखीच राहिली असतीस, आणि ते कसं वाटतं ते मी भोगलंय.

आता मुद्द्याचं, जे फोनवर मला जमलं नसतं. वर्गातल्या त्या मुलाने एके दिवशी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की काकू, एकदा डोळे दाखवून या. दाखवले. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे, समोरचं स्वच्छ दिसतं म्हणून इतके दिवस कळलं नाही. गेलेली येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल असं डॉक्टर म्हणतात. वाचता येतं, नोकरी करता येते, हे पत्र मीच लिहितेय. मोटरसायकल मात्र चालवायची नाही. हे मला कळलं आणि दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला की मुख्य चालक तू हो. खरं सांगण्याऐवजी मी प्रवचन दिलं. बाबांना काल सांगितलं. ते खाली जाऊन माझी गाडी पुसत बसले. एजंटबाईंकडे मी गेले होते ती माझा विमा रद्द करायला, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात. ते आणि बाबांची थोडी भर असं तुझ्या खात्यावर येईल. विमा तुझ्या नावाने काढ, मुख्य चालक म्हणून स्वतःचं नाव घाल आणि महिनाअखेरीच्या आत कामावर गाडीने जायला लाग. एकच कर. मागे कुणी बसणार आहे का असं ते विचारतील. नाही म्हटलं तर हप्ता थोडा कमी होतो. तू हो म्हण. मी डॉक्टरांना विचारलंय, बसायला हरकत नाही. मात्र आजवर मी कुणाच्या मागे बसलेली नाही, तेव्हा वळणावर कुठे झुकायचं आणि कुठे धरायचं हे तुला मला शिकवावं लागेल.

तुझीच,
आई