पंख्याला लावलेलं कुलूप

३ मार्च

चि. खारूताईस,
आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत एक तक्रार.

तुमच्या कंपनीचं नवं गेमिंग कन्सोल काल दुकानात दुरुस्तीला आलं. आणणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका, गुडघ्यांनी बेजार. बहीण दूरदेशी. दोघी रोज संध्याकाळी ऑनलाइन मोटारींची शर्यत लावतात आणि यथेच्छ भांडतात. यंत्राच्या आतला पंखा जळाला होता. मी तसाच नवा बसवला, तर पडद्यावर अक्षरं आली, की पंखा अनोळखी आहे, यंत्र चालू होणार नाही. अगं, पंखा म्हणजे काय जावई आहे, घराणं बघून घ्यायला? तीस वर्षं मी ही यंत्रं उघडतेय. कॅसेटची उघडली, सीडीची उघडली. हा शहाणपणा कोणाचा, तेवढं कळव. वेळेवर जेवतेस ना?

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार. पत्र उभ्यानंच वाचलं, मग खाली बसले.

तो शहाणपणा माझाच. चोरून उतरवलेले गेम चालू नयेत म्हणून मी सॉफ्टवेअरचं कुलूप लिहिलं होतं. नंतर वरून हुकूम आला, की पंखा, बॅटरी, सगळ्यालाच ते लावा. मी लावलं. पुढच्या मॉडेलला तर डिस्क घालायची फटही नाही. गेम फक्त आमच्याकडून उतरवून घ्यायचे, मैत्रिणीला द्यायची सोय नाही. त्या मॉडेलची प्रमुख मला करताहेत. आत्या, आमची यंत्रं उघडू नकोस. दुकानांना नोटिसा निघाल्यात, आणि यादीत तुझं नाव मी वाचलंय.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी भाची

१९ मार्च

चि. खारूताईस,
आशीर्वाद, या वेळी जरा करकरीत.

नोटीस पोचली. दुकानाच्या काचेवर चिकटवलीय, लोक थांबून वाचतात. खाली मी लिहिलंय, की हे यंत्र इथे उघडून मिळेल. बाईंचा पंखा सुरू केला; कसा ते सांगणार नाही, तू कंपनीची. तुझ्यावर रागावले नाही. पण सोल्डरिंग तू माझ्याच टेबलावर शिकलीस. बंद पडलेलं यंत्र चालू झालं की टाळ्या पिटायचीस. आता यंत्र धडधाकट, माणूस ताटकळलेला, आणि मध्ये दार लावून तू उभी. मला बघवत नाही. मीही ग्राहक तक्रार मंडळाकडे अर्ज ठोकलाय. दोन तारखेला सुनावणी. वकील नको, मीच बोलणार.

तुझी आत्या

२७ मार्च

ती. आत्यास, नमस्कार.

सुनावणीला कंपनी मलाच पाठवणार होती. मी साहेबांना सांगितलं, की पंख्याचा चोरीशी काय संबंध असं कुणी विचारलं, तर काहीच नाही असं सांगेन. ते म्हणाले, बढतीचा विचार कर. केलाय, म्हटलं. दुपारपर्यंत माझं ओळखपत्र काढून घेतलं. थोडी रडले, खोटं कशाला सांगू. मग तोंड धुऊन लिहायला बसले. आता तुझ्या बाजूनं साक्ष द्यायला येतेय. तोवर कुणाशी भांडू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे; वाढवलास तर सांभाळून घेईन.
तुझी भाची

९ एप्रिल

चि. खारूताईस,
आशीर्वाद, न मोजता.

निकाल आला. पंखा आणि बॅटरीवरची कुलपं तीन महिन्यांत काढायची, नोटिसा मागे घ्यायच्या. डिस्कच्या फटीबद्दल मात्र मंडळ म्हणतं, यंत्र कसं बनवायचं ते कंपनीनं ठरवावं. म्हणजे अर्धंच जिंकलो. साक्ष देताना तुझा आवाज कापत होता, पण उत्तर तू एकदाही बदललं नाहीस; हे तोंडावर सांगायचं राहिलं.

ते बिनफटीचं यंत्र वर्षअखेरीस बाजारात येणार म्हणे. येऊ दे. नवी नोकरी जरूर शोध, पण पहिलं यंत्र दुकानात आलं की त्या दिवशी सुट्टी काढ. दोघी मिळून उघडू.

तुझीच,
आत्या