तिजोरीवरचा डावा हात

पौड, १७ जानेवारी १९५८
सकाळी दुकानापुढे जीप. सिनेमावाले. मुळशीला तळ्याकाठी त्यांचा तळ पडलाय, बँक लुटण्याचं चित्र. मुंबईहून जुनी खरी तिजोरी आणली, ट्रकात आदळली, आता किल्ली फिरेना. "पुण्याहून माणूस आणायचा की तुम्ही बघता?" असं विचारल्यावर मी काय बोलणार. पिशवी भरली.
विलायती कुलूप, आत सहा पट्ट्या. एक वाकली होती. पाऊण तासात उघडलं. पुण्याचा माणूस भोक पाडून मोकळा झाला असता.
"कुठे शिकलात?"
"कुठेच नाही. कुलपं उघडून बघितली."
घरी येऊन सांगायला कोणी नाही, म्हणून इथे.

१९ जाने.
परत बोलावलं. दगडी गोदामाची बँक केली आहे. पितळी गज, गादी, राजेसाहेबांची तसबीर. गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका संस्थानातली. नोकरीवरून काढलेला कारकून आपलीच बँक लुटतो आणि होडीतून पळतो. भिंतीवर कॅलेंडर मात्र यंदाचं! बोललो. कर्णिक म्हणून एक असिस्टंट आहे तो धावत जाऊन उतरवून आला. त्याचं कामच ते. कोटाची बटणं किती लावलेली, विडी किती जळालेली, सगळं वहीत टिपायचं, म्हणजे मागच्या-पुढच्या दृश्यात चूक राहत नाही. चूक राहू नये म्हणून पगारी माणूस! मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं असं काम असतं.
नायक तिजोरीला कान लावून बसला होता. राहवलं नाही. "अशी नाही उघडत ती. चोर आहे का डॉक्टर?"
डायरेक्टर हसला. "मग कशी उघडते, मिस्त्री?"
दाखवलं. कोरी किल्ली दिव्याच्या ज्योतीवर धरून काळी करायची. कुलपात घालून हलकी फिरवायची, बाहेर काढायची. जिथली काजळी पुसली तिथे पट्टी अडते. तेवढंच कानशीने घासायचं. परत काळी, परत आत. घाई केली की किल्ली वाया.
डायरेक्टर माझ्या हातांकडे बघत होता. म्हणाला, "हेच घ्यायचं."

२० जाने.
नायकाला कानस धरता येईना. पोळी लाटतोय असं वाटलं. शेवटी डायरेक्टर म्हणाला, चेहरा याचा, हात मिस्त्रींचे.
मला नायकाचा कोट. बाही इंचभर आखूड, दुमड उसवून सोडली. पडद्यावर फक्त हात, दिवा, किल्ली, कुलूप. तीन तास. एकदाही हात चुकला नाही. कर्णिकची वही तपासली, बटणं तीन लिहिली होती, दोन होती. दुरुस्त करायला लावली. तो म्हणाला, "नाना, तुम्ही माझी नोकरी घालवणार."
परतताना जीपमध्ये एकच विचार. चित्र मुंबईत लागणार. व. बघेल.

२१ जाने.
व. म्हणजे माझा वसंता. दोन वर्षं होतील चैत्रात. दवाखान्याच्या कपाटाची किल्ली त्याने घासली, एक दाता जरा जास्तच घासला, किल्ली कुलपात मोडली. डॉक्टर काही बोलले नाहीत. मी बोललो. चार गिऱ्हाइकांदेखत मोडका तुकडा रस्त्यावर फेकला. "याला काम म्हणत नाहीत." त्याने हात पुसले, फडकं घडी करून ठेवलं, संध्याकाळच्या एस.टी.ने गेला. त्याच्या आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. परळला कुठल्या कारखान्यात आहे. पत्र येतं ते आक्काला, नेऱ्याला. मला नाही.
किल्ली मोडली ही चूकच होती. त्यावरून मी मागे हटत नाही.
पण चार माणसं

२२ जाने.
सकाळी गोठ्याच्या कुलपाची किल्ली घासायला घेतली आणि हात थांबला. कानस डाव्या हातात.
मी डावरा. नायक उजवा. परवाच बँकेच्या रजिस्टरात सही करताना बघितला, उजव्या हाताने. म्हणजे चोर सही उजव्याने करणार आणि किल्ली डाव्याने घासणार. कर्णिकने बटणं टिपली. मी बटणं तपासली. हात कोणीच बघितला नाही.
दुसऱ्याची सुतभर चूक मी सोडत नाही. आणि ही ढळढळीत, माझी.
चहा केला तो तसाच गार झाला.

२२ जाने., दुपार
आणखी एक. व.ला मी समोर बसवून शिकवलं. तो उजवा. माझा डावा हात बघून त्याचा उजवा चालायचा, आरशासारखा. पहिली सात-आठ वर्षं त्याने कुलपाचं काम पाहिलं ते या डाव्या हातानेच. पडद्यावर चेहरा कुणाचाही असो, हात डावा दिसला की त्याला कळेल. उजव्याने घासली असती तर कदाचित कळलंही नसतं.
सांगितलं तर ते पुन्हा घेतील. पुण्याचा कोणीतरी उजवा आणतील.

२३ जाने.
मुळशीला गेलो. सांगायचं ठरवूनच. होडीचं काम चाललं होतं. पाणी उतरलंय, काठाला बुडालेल्या बांधांचे दगड दिसतात. कर्णिक चिखलात उभा, वही छातीशी.
"या नाना! उद्या तळ उठतोय. तुमच्या नजरेतून काही राहिलं असेल तर आत्ता बोला. नंतर तुमची शिवी मुंबईपर्यंत ऐकू येईल."
मी म्हटलं, "नाही. सगळं बरोबर आहे."
माझं बोलणं त्याने वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं.

२४ जाने.
तळ उठला. मी घासलेली तिजोरीची नवी किल्ली द्यायला गेलो तर गोदाम रिकामं. किल्ली माझ्याकडेच.

१३ नोव्हेंबर, नेरे
मधे बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही.
भाऊबीज. आक्काने ओवाळलं. दोन वर्षं चुकवली म्हणून आधी बोलून घेतलं, मग ताट वाढलं.
"लई दिस झालं तुला हितं येऊन. वाट इसरला व्हतास काय?"
"काम होतं."
"काम! कुलपं काय दिवाळी करत्यात व्हय रं?"
चित्र दिवाळीत लागलंय, पुण्याला आणि मुंबईलाही. तिला सांगितलं, माझे हात आहेत त्यात. तिला आधी खरं वाटेना. मग म्हणाली, "वसंताला कळवलंस?"
मी भात कालवत राहिलो.
"तू लिवणार न्हाईस, त्यो लिवणार न्हाई. दोगंबी एकाच साच्यातलं. म्या मेल्यावर कुणाच्या पत्त्यावर खुशाली धाडणार हाय त्यो?"
तिने फडताळातून त्याचं पत्र काढून पुढे टाकलं. मी पत्ता उतरवून घेतला. पत्र वाचलं नाही, माझ्या नावाचं नव्हतं.

१६ नोव्हें., पुणे
दुपारचा खेळ. एकटाच. वही मांडीवर, अंधारात चाचपडत टिपलं. बँकेतलं घड्याळ चोरीआधीही दहा वाजून दहा, नंतरही तेच. होडीत पोती पाच, उतरताना चार. कर्णिकला कोणीतरी हाकलायला हवं.
मग दिवा. किल्ली ज्योतीवर. माझा अंगठा सबंध पडद्याएवढा. हात डावा.
मागच्या रांगेतला कॉलेजचा पोरगा म्हणाला, "चोर कारागीर आहे राव!" दुसरा म्हणाला, "गप, बघू दे."
कोणाला चूक दिसली नाही. चूक दिसली नाही याचा आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला, आणि तो आनंद काही केल्या बरा वाटेना. शेवटी नायक होडीत एकटाच राहतो. तिथे बाजूची बाई रडत होती. मी रुमाल विसरलो होतो.

१७ नोव्हें.
कार्डाला तीन तास लागले. 'माझे हात आहेत, बघ' हे लिहिलं नाही. तसं कौतुक मागणं मला जमत नाही. शेवटी पाठवलं ते असं:
चि. वसंत यास अनेक आशीर्वाद. तिकडे बँक लुटण्याचं मराठी चित्र लागलं आहे. त्यात चुका आहेत. सापडल्या तर कळव.
पेटीत टाकल्यावर वाटलं, हे आमंत्रण झालं का परीक्षा.

२५ नोव्हें.
पोस्टमन दारावरून गेला. म्हणाला, "न्हाई, नाना." मी विचारलं नव्हतं.

२८ नोव्हें.
पुण्याहून आलेल्याने सांगितलं, चित्र उतरलं. आजपासून तिथे दुसरं.

२ डिसेंबर
कार्ड आलं. वर मायना नाही. खाली सही आहे. जसंच्या तसं उतरवतो:
"१. घड्याळ. २. होडीतली पोती. ३. किल्ली काळी करताना दिव्याला काच नाही. लगेच पुढे नायक दिसतो तेव्हा काच आहे, आणि तापलेली काच कोणी उघड्या हाताने बसवत नाही. किल्लीचं काम बरोबर झालं आहे. वसंत."
अक्षर सुधारलंय.
तिसरी मला दिसली नव्हती. ती काच मीच काढली होती, काजळी धरायला, आणि बाकावर ठेवली होती. परत कोणी बसवली, ठाऊक नाही. पडद्यावर मी फक्त माझा हात बघत होतो. चित्र तर उतरलं, आता पुण्याला जाऊन तपासता यायचं नाही. तो म्हणतो काच होती, तर होती. त्याचा शब्द धरायचा.
हाताचं काहीच लिहिलेलं नाही. काच बघणाऱ्याला हात दिसला नाही, हे मला पटत नाही. दिसला, तर चुकांत का धरला नाही? की धरला, आणि मला लिहिला नाही?
कार्ड आक्काला वाचून दाखवायला नेऱ्याला जायचं म्हणून छत्री घेतली, परत ठेवली. आधी उत्तर.
चि. वसंत यास अनेक आशीर्वाद. तिन्ही बरोबर. तिसरी माझी. चौथी एक आहे, तीही माझीच, ती
इथवर झालंय. टपाल चारला निघतं.