कडू लागलं नाही

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दिवसभर दगड कापल्यावर बोटं लिहायला वळत नाहीत. कारखान्यात नव्या सेफ्टीवाल्या बाई आल्यात. आता मशीनवर घट्ट मास्क आणि गॉगल सक्तीचा. परवा त्यांनी मास्कवरून डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवलं, आत कडू फवारा मारला आणि कडू लागतंय का विचारलं. मास्क नीट बसला असेल तर चव लागत नाही म्हणे. मी पास झालो. दाढीवर व्हॅसलीन चोपडून गेलो होतो.

फक्त गॉगलवर सारखी वाफ धरते. काल त्यापायी एक दगड तिरका कापला गेला आणि मुकादमाने सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने हजामत केली. दाढी मात्र शाबूत आहे!

आईला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, कमी तेवढा होऊ देऊ नकोस.

तुझा
बुवा


११ फेब्रुवारी

चि. बुवास,
अनेक आशीर्वाद.

हॉस्पिटलात पंचवीस वर्षं मास्क लावून माझ्या नाकावर घट्टा पडलाय, मला शिकवू नकोस. गॉगलवर वाफ धरते म्हणजे श्वास मास्कच्या कडेने निसटतोय, आणि तो निसटतो तिथूनच धूळ आत शिरते. दाढीवर मास्क बसत नाही, मग व्हॅसलीन चोपड नाहीतर डांबर. तू खोटं बोललास. लहानपणी कडूजहर औषध पिऊन तोंड वाकडं न करणारा तूच ना?

गेल्या खेपेला खिडकीबाहेर तोंड काढून खोकत होतास, ते आईने ऐकलं. तिला माझं नाव आठवत नाही, तुझा खोकला आठवतो. दाढी आजच्या आज काढ. मी थकले रे. एकीला सांभाळतेच आहे, तुझं दुखणं काढायचं त्राण नाही.

चिडले असले तरी माया आहे, ती धरून चाल.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे माझी डाळ शिजत नाही. कडू लागलं होतं, पार घशापर्यंत. पण दाढी काढू कशी? आई ती मुठीत धरते, ओढते आणि आलास का म्हणून विचारते. तू दिवसरात्र उशाशी असतेस, तरी तुला ती बाई म्हणते. तिच्या ओळखीचा मी एकटा उरलोय, तोही एवढ्या केसांवर. ते गेले की मी कोण?

काल सेफ्टीवाल्या बाईंना खरं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, एक्स-रे काढायला पाठवलं. छातीत सूज आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर इलाज नव्हता. दाढी निघेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलंय. आवारात गाड्या लावून घेतोय आणि विचार करतोय.

तुझा राग ओसरला की दोन ओळी टाक.

बुवा


१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तू औषधं आणायला गेलीस तेव्हाचं तोंडाने सांगवलं नाही, म्हणून लिहितो.

मी आईचा हात घेऊन माझ्या गुळगुळीत गालावर ठेवला. तिने तो अदबीने काढून घेतला आणि मला खुर्चीवर बसा म्हणाली. माझा मुलगा यायचाय, दाढीवाला आहे, असं सांगितलं. तो फार खोकतो, पण कबूल करत नाही. तुमच्या ओळखीत चांगला डॉक्टर असला तर बघा, म्हणाली.

मी म्हणालो, मी रोज भेटतो त्याला. डॉक्टरांनी तपासलंय, खोकला उतरलाय. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, बरं झालं. त्याला म्हणावं, सवडीने ये, पण ये.

फार रडू आलं गं, पण तोंड वाकडं होऊ दिलं नाही. आज पुन्हा फवारा मारला. खरंच काही लागलं नाही, गॉगलही स्वच्छ राहिला. उद्यापासून मशीनवर.

आईला सांग, दाढीवाल्याला निरोप पोचला.

तुझा
धाकटा