बायने वेस सरकवली

९ फेब्रु. १९७८
सकाळी पानवेलींना पाणी. मग तलाठ्याकडे. आमचं गाव यंदा शेजारच्या मतदारसंघातून काढून पालघरात घातलंय म्हणे. आम्ही जागचे हललो नाही, तरी मुक्काम बदलला. जुन्या आमदाराचं तोंड कधी पाहिलं नाही, आता नव्याचं न पाहायला मोकळे. मतदान २५ ला, ओढ्यापलीकडच्या शाळेत.
सुमनला सांगितलं तर पोरीचा चेहराच उतरला. २४ ला तिची हळद, २६ ला लग्न.

११ फेब्रु.
सु. ऐकत नाही. बोईसरला कारखान्यात लागल्यापासून धीट झालीय. पहिलंच मत, आणि इथलं शेवटचंही. पुढे नाव सासरी, डहाणूकडे. "बाबा, ओढ्यावर साकव मागायचा तर मत नको द्यायला?" खरंय. पावसाळ्यात ओढा भरला की पोरांची शाळा बुडते. ही स्वतः माझ्या खांद्यावर बसून शिकली.
पण बायला, माझ्या थोरल्या बहिणीला, विचारायचं कोणी? तिचा शब्द घरात शेवटचा. सौ. म्हणते तुम्ही, मी म्हणतो तू.

१४ फेब्रु.
विचारलं. बाय तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "हळद लागली का नवरीनं वेस ओलांडायची नाय. मत काय, पुढल्या टायमाला दे." वेशीवरचा शेंदराचा दगड ओढ्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. हाकेच्या अंतरासाठी...
सु. जेवली नाही.

२१ फेब्रु.
प्रचाराची जीप आली. उमेदवार उतरला नाही, नुसता हात हलवला. बायने जीपवाल्याला गाठलं. आमचं गाव कोणी हलवलं? म्हणाला, सरकारनं, कागदावर. "देवाला इचारलं?" तो हसला. बाय नाही हसली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

२५ फेब्रु.
काल हळद लागली. आज सकाळी बाय नारळ घेऊन दगडापाशी. मी मागे. दगडाला म्हणते, "सरकारनं हद्द हलवली, कोणी काय बोललं नाय. आता तू पण जरा सरक." मग ओढ्यात उतरली, शाळेमागच्या चिंचेखाली नारळ ठेवला, बुंध्याला शेंदूर लावला. परत येऊन सु.ला, "चल पोरी. शाळा आपल्या वेशीत हाय."
शाई लावणारे मास्तर क्षणभर बोट धरून थांबले, इतकं पिवळं. मत कोणाला दिलं ते सु.ने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परतताना ओढ्यात तिने माझा हात धरला. फार बरं वाटलं.

२ मार्च
लग्न छान झालं. घर रिकामं वाटतं, पण पोर सुखात पडली.
बायला म्हटलं, वेस परत आणायची ना? "रावदे तिकडंच. पोरं शाळेत जातात, गावात तरी ऱ्हातील."

१६ एप्रिल
नवा आमदार खरंच आला. चहा घेतला. सु. माहेरी आलेली, तिनेच साकवाचं काढलं. त्याने विचारलं, तुम्ही तर सासरी गेलात, तुमचं मत कुठलं? सु. म्हणाली, "दिलंय इथलंच." मग साकवाचं ऐकताना तो मान डोलवत राहिला.

९ मे
ओढ्यावर मोजणीला माणूस आलाय. मी म्हटलं, साकव होईल का? "बघू." मग फीत गुंडाळत त्याने विचारलं, गावची हद्द कुठपर्यंत? सगळ्यांनी बायकडे पाहिलं.
"सुमननं मत दिलं तवापासून त्या चिंचेपर्यंत. लिव."
त्याने काहीतरी लिहिलं. काय, ते दिसलं नाही.