उठवलेला हुबारा

अब्बा,

राग काढायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहितोय. तुम्ही अरबाबच्या, म्हणजे अरबी मालकाच्या, घरी ड्रायव्हर होतात, मी एका खाजगी शिकारीच्या रानात ऑपरेशन्सचा माणूस आहे. नाव मोठं, काम तेच. हंगाम उघडण्याआधी वाळूत फिरायचं आणि हुबारा कुठे चरतो, कुठे बसतो ते बघून ठेवायचं. हा आपल्याकडच्या माळढोकाचा धाकटा भाऊ, तुमच्या वेळी थंडीत आपणहून उडत यायचा. आता मोकळ्या वाळवंटात शिकार बंद आहे. पिंजऱ्यात वाढवलेली पाखरं कुंपणाच्या आत सोडतात आणि पाहुणे परवाना काढून, ससाणे घेऊन येतात. पण पिंजऱ्यात जन्मलेलं पाखरूसुद्धा थोड्या दिवसांत शहाणं होतं. माणसाची चाहूल लागली की ती जागा सोडतं. हे मी तुमच्याकडून शिकलो आणि तेच आता माझ्या मुळावर आलंय.

मी नवाच व्हिसावर आलो होतो तेव्हा तुम्ही मला रास अल खैमाच्या बाहेर घेऊन गेला होतात, ती सकाळ आठवते. तुम्ही जीप लांबच थांबवता, दार लावतसुद्धा नाही, आवाज होईल म्हणून. वाळूत तीन बोटांचा पंजा उमटलेला आहे, मागे अंगठा नाही, कडा अजून ढासळलेल्या नाहीत. पुढे एका झुडपाआड पाखरू बसलंय, वाळूच्याच रंगाचं, आणि मी हरखून दोन पावलं पुढे होतो. तुम्ही मागून कॉलर धरता. "बघायला आलायस की उठवायला? आज उठवलंस तर पाहुण्याला काय झुडूप दाखवणार?" परत येताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. टपरीवर करक चहा घेतलात, माझ्यासाठीही सांगितलात, आणि तो मी मान खाली घालून प्यायलो. मग अरबाबसमोर गेलो. त्याने एवढंच विचारलं, आहे का. तुम्ही म्हणालात, "आहे, इन्शाल्ला." तो म्हणाला, "खलास." झालं. तेवढ्या शब्दावर पहिल्या दिवशी त्याच्या सगळ्या गाड्या निघाल्या.

माझे साहेब पुण्याचे आहेत. माणूस वाईट नाही, पण दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या काचेच्या ऑफिसात बसतात आणि बूट वाळूने भरतात म्हणून इकडे येत नाहीत. त्यांचा नियम असा, की दिसलेल्या प्रत्येक पाखराचा फोटो लोकेशनसकट ग्रुपवर टाकायचा. मी आधी पावलांचे फोटो टाकले. हात दाखवून अवलक्षण. लगेच फोन आला, "अहो, हे ठसे काय क्लायंटला दाखवू? बर्ड चाहिए भाई, क्लिअर फोटो." म्हटलं, सर, जवळ गेलो की उठेल, उठला की दुसरीकडे जाईल. तर म्हणाले, "मग दुसरीकडचा फोटो पाठवा ना." गेल्या हंगामात असेच रोज फोटो काढून काढून आम्ही पाखरं उधळली. पहिल्या दिवशी पाहुणे रिकाम्या हाताने परतले आणि खापर माझ्यावर फुटलं. "या वेळी पण तसंच झालं तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करणं माझ्या हातात नाही," असं साहेबांनी सांगून ठेवलंय. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, मोहम्मद बिन झायद सिटीतलं घर गेलं, लेकीचं दहावीचं वर्ष अर्ध्यावर. तिला हे सांगितलं तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, जस्ट यूज द झूम." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, हे तिला इंग्रजीत कसं समजावू? आणि खरं सांगू, चीड साहेबांपेक्षा तुमचीच येते. काय करू नये ते तुम्ही शिकवलंत. पण आपल्या शब्दावर समोरच्याचा विश्वासच नसेल तर काय करायचं, ते कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला गरजच पडली नाही ना.

उद्या हंगाम उघडतोय. आज सकाळी ताजे पंजे दिसले. गाडी लांब ठेवून चालत गेलो, तर झुडपाखाली हुबारा वाळूला चिकटून बसलेला. आल्या पावली मागे फिरलो आणि गाडीत बसून ग्रुपवर लिहिलं, "एक आहे. मोठा आहे." साहेबांचं उत्तर आलं, "फोटो?" एवढंच. मग गाडी सुरू केली, थेट झुडपावर घातली आणि हॉर्न दाबला. तो उठला. पंखांतला काळा-पांढरा भाग उन्हात असा उघडला, की फोटो सुरेखच आला. मग तो कुंपणाच्या दिशेने जात जात ठिपक्याएवढा झाला.

उद्या साहेब पाहुण्यांना घेऊन त्याच झुडपाशी येतील आणि तिथे काही नसेल. तुम्ही असतात तर मला काही बोलला नसतात, नुसता माझ्यासाठी चहा सांगितला असतात, आणि तेच मला सोसलं नसतं. हे लिहिलेलं टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. फोटो पडल्यावर ग्रुपवर एकामागून एक अंगठे येत गेले, साहेबांनी लिहिलं, "एक्सलंट, असंच काम पाहिजे." आणि अब्बा, आभाळात तो ठिपका अजून दिसत होता, तरी ते वाचून मला फार बरं वाटलं.