सिस्टरची खोड मोडण्याचा संकल्प

३ जानेवारी
भर मीटिंगमध्ये अपमान. मी लॅबचा माणूस. पहिल्यांदाच मनाचा तोल गेलेल्या पेशंटपैकी कोण सावरणार, कोण नाही, हे रक्तातल्या एका प्रोटीनवरून आधीच कळतं, हे मी चाळीस स्लाइड्समध्ये सिद्ध करत होतो. अकराव्या स्लाइडला वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या की त्या पेशंटला फक्त एवढंच विचारतात, घरी तुमच्यासाठी जेवायचं कोण थांबतं? त्यावरून कळतं म्हणे. सगळे हसले. डॉक्टरसुद्धा.
संकल्प : सिस्टरची खोड मोडायची. जूनच्या आत.

४ जानेवारी
पैज लागली. पेशंट बेकरीतला कामगार. भट्टीतून कोणीतरी बोलतंय म्हणून त्याने ती पाणी ओतून विझवली होती. त्याचं प्रोटीन बत्तीस. वीसच्या वर म्हणजे लाल यादी. मी लिहून दिलं, जूनपर्यंत पुन्हा ॲडमिट. सिस्टरनी लिहिलं, जूनपर्यंत कामावर. बहीण रोज डबा आणते, एवढाच बाईंचा पुरावा! हरलो तर माझा प्रोजेक्ट बंद.
पेशंटवर माझा राग नाही. फक्त त्याने बरं होऊ नये.

१९ फेब्रुवारी
पेशंट घरी गेला. मी नळ्यांच्या पलीकडे कुणाला भेटत नाही, पण आज खिडकीतून पाहिला. शीळ घालत होता. विनाकारण शीळ. नोंद केली.

२ मार्च, दुपारी
सिस्टरनी डाव साधला. रक्त काढल्याची वेळ त्यांच्या रजिस्टरात, नळी फ्रीजमध्ये ठेवल्याची माझ्या. दोन्ही जुळवून डॉक्टरांना दाखवलं. लाल यादीतल्या जवळजवळ सगळ्या नळ्या मी चहाला गेलो तेव्हा टेबलावर पडून होत्या. नळी जितका वेळ बाहेर, तितकं प्रोटीन जास्त. डॉक्टर म्हणाले, ही टेस्ट पेशंटचं भविष्य नाही, तुमचा चहा मोजते.
चहाला मला पंधरा मिनिटं लागतात. (गप्पा धरून पन्नास.) हा सरळसरळ कट आहे. एकेकाला बघून घेईन.

१० एप्रिल
पेशंट कामावर. अर्धा दिवसच, म्हणजे धरायचं नाही. आता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं आलं. रजा टाकून रोज बेकरीसमोर उभा असतो, वही घेऊन. बायको म्हणते, हे काय चाललंय? तिला सिस्टरचा फोन येतो का, बघायला हवं.

२१ मे
त्याने ट्रे पाडला! उड्या मारत घरी आलो.

२२ मे
ट्रे मालकाने पाडला होता.

९ जून
आज तो रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आला. हातात स्टूल. मला बसवलं. म्हणाला, दोन महिने बघतोय, तुम्ही एकटेच उभे राहून पुटपुटता. कोणी टपलंय का तुमच्यावर? मी म्हटलं, हो, एक सिस्टर. डॉक्टरही सामील आहेत. बहुधा बायकोही.
तो हसला नाही. त्याचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. घाबरू नका म्हणाला, वेळेत दाखवलं की माणूस सावरतो.
मी ठणकावून सांगितलं की मी त्याच हॉस्पिटलचा आहे, तिथे संशोधन करतो. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आहात ना, आहातच, म्हणाला.
मंगळवारी दहाची अपॉइंटमेंट घेतलीय त्याने. सोबत यायला त्याने सुट्टीही काढलीय.